गेटवरचे काका

बेसा-मनीषनगरकडे सोसायट्या उगवल्या आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटवर एकेक काका उगवले. नाव बिल्ल्यावर असतं, पण ते कोणी वाचत नाही. एक हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची, सुतळीने टेबलाला बांधलेलं बॉलपेन, डोक्यावर टोपी, टोपीखाली उन्हाचा दुपट्टा, आणि दोन तळव्यांत अखंड घोटली जाणारी खर्र्याची पन्नी. ती घोटणी मध्येच थांबवता येत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, सुपारीत चुना नीट मुरेपर्यंत त्याला गेटबाहेरच उभं राहावं लागतं. मग प्रश्न येतो, “कोणाकडे जाऊन राह्यले जी?”

काका काय लेचेपेचे नव्हेत. खासगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाची उंची १६० सेंटिमीटर, छाती ८० आणि फुगवल्यावर चार जास्त, शिवाय सहा मिनिटांत एक किलोमीटर पळण्याची ताकद, असं सगळं लिहून ठेवलंय. काकांना पळताना मी रोज पाहतो. टाकी भरून गच्चीवरून पाणी कोसळायला लागलं की मोटर बंद करायला ते जे सुटतात, त्यात नियमाचं समाधान होत असावं.

प्रशिक्षणही आहे: १०० तास वर्गात, ६० तास मैदानावर. आग विझवणं, गर्दी आवरणं, स्फोटकं ओळखणं, इतकंच काय, पोलीस आणि लष्करातल्या हुद्द्यांची चिन्हं ओळखणंही अभ्यासक्रमात आहे. हा शेवटचा धडा मात्र काकांनी मन लावून केलेला दिसतो. सेक्रेटरीची गाडी दिसली की खुर्ची मागे सरकते, टाच जुळते, सलाम कपाळापर्यंत जातो. खजिनदाराला तो भुवईपर्यंत मिळतो. साध्या फ्लॅटमालकाला नुसती मान. भाडेकरूला “गाडी थोडी बाजूले लावा ना भाऊ.” आणि एकट्या राहणाऱ्या पोरांना थेट चौकशी: “रात्री कोन आलतं बे तुमच्याकडे?”

बाकी अभ्यासक्रम वाया गेला, कारण तो बाहेरच्या शत्रूसाठी होता. चोर बिचारा कधीमधी येणार. काकांचे बारा तास जातात ते आतल्यांना एकमेकांपासून वाचवण्यात. तीनशे दोनवाल्यांनी चारशे दोनवाल्यांच्या जागेत गाडी लावली, आजोबांनी मोटर बंद करायला लावली आणि आजींनी चालू, कुणाच्या कूलरचं पाणी खालच्यांच्या वाळवणावर टपकलं; सगळ्या फिर्यादी गेटवरच. कुरिअर घ्यायचं, शाळेची बस थांबवून ठेवायची, कचऱ्याची गाडी आली की शिट्टी मारायची, हे वेगळं. हे कोणत्या वर्गात शिकवतात?

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की पत्र्याच्या चौकीत माणूस शेकून निघतो. कमिटीने कूलर मंजूर केला, पण त्यात पाणी भरण्याचं काम ‘सुरक्षा’ या सदरात टाकलं. दुपारी दोन वाजता काका बादली घेऊन कूलरमागे जातात, तेवढ्यात कोणी आत शिरलं तर रजिस्टरमध्ये नोंद नसते. रजिस्टर तसंही कोणी उघडत नाही. कुणाच्या गाडीला ओरखडा पडला की मात्र चार जण त्यावर तुटून पडतात आणि त्या दिवशीच्या पानावर ‘कुरिअर, कुरिअर, दूध, मावशी’ एवढंच सापडतं.

रात्री सुपरवायझरला ग्रुपवर जागेपणाचा फोटो पाठवावा लागतो, तोही दर तासाला. काका टोपी घालून, डोळे ताणून, मागे गेट दिसेल असा फोटो काढतात आणि दोन फोटोंच्या मधल्या वेळेत हिशेबाने झोपतात.

तरी तक्रार झालीच. कमिटीने जुनी एजन्सी काढून त्याहून स्वस्त एजन्सी नेमली. पहिल्या तारखेला गेटवर नवा निळा शर्ट, नवी दोरी, नवा बिल्ला. शर्ट कोणा धिप्पाड माणसाच्या मापाचा, खांद्याची पट्टी दंडावर उतरलेली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गाडीची काच खाली करून विचारलं, “नवीन का हो तुम्ही?”

“हो ना जी. आजच लागलो.”

“आणि आधीचे कुठे गेले?”

काकांनी पन्नी घोटता घोटता मान हलवली. “ड्यूटीवर झोपत होते म्हणे. काढलं त्यायले.”