तुम्हीच बोला

तात्यांना गाडी विकायची आहे, हे नायगाव पूर्वेच्या रिक्षास्टँडपासून जूचंद्रच्या चंडिकादेवीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ती विकली जाणार नाही, हेही ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते फक्त गिऱ्हाइकाला, आणि तात्यांचा रविवार त्यावरच पार पडतो.

गाडी फियाट ११०० डी, १९६७ची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. तिला कुणी ‘पद्मिनी’ म्हटलं की तात्या दुखावतात. “पद्मिनी हे नाव चौऱ्याहत्तरला आलं. ही फियाट.” मग कुणीतरी जाणकारपणा दाखवत विचारतं, “म्हणजे डुक्कर फियाट?” त्यावर तात्या आणखी दुखावतात. डुक्कर फियाट त्याच्याही आधीची, तिची पुढची दारं उलटी उघडत. थोडक्यात, दुखावण्याची सोय गाडीच्या इतिहासातच आहे, तात्यांना वेगळी मेहनत करावी लागत नाही.

वडील मिठागराचे ठेकेदार. गाडी त्यांनी हौसेने घेतली, मिठाच्या पैशातून. आता त्या मिठाने ती वसुली सुरू केली आहे. इकडे वसईची खाडी, तिकडे मिठागरं, मध्ये तात्यांची पत्र्याची शेड. इथल्या हवेत खिडकीचे गजसुद्धा दर पावसाळ्यात रंग मागतात. त्यातून ११०० डीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. फ्लोअरचा पत्रा कुजला की नुसतं पायाखालचं जात नाही, गाडीचा कणाच जातो. हे मी तात्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “गंजसुद्धा ओरिजिनल आहे रे. सदुसष्टचा.”

ओरिजिनल हा तात्यांचा हुकमी पत्ता. सीट फाटली आहे? ओरिजिनल. स्टिअरिंगला तडा? ओरिजिनल. घड्याळ बंद? “बाबांच्या हयातीतच बंद पडलं होतं.” यात तथ्य अजिबात नाही असं मात्र नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात हात न लावलेल्या गाडीला मान असतो. कुणीतरी भडक लाल रंग मारून, रेक्झिन चढवून ‘नवी’ केलेल्या फियाटपेक्षा फिकट पडलेल्या मूळ रंगाची फियाट शहाणा माणूस आधी घेईल. रंग परत मारता येतो, पण कारखान्यातला पहिला रंग एकदाच लागतो. फिकट रंगाचे पैसे मिळतात. कुजलेल्या फ्लोअरचे मात्र द्यावे लागतात. तात्या या दोन्हींची बेरीज करतात.

बेरजेसाठी त्यांच्याकडे वही आहे. पहिल्या पानावर खरेदी. पुढे प्रत्येक दुरुस्ती: क्लच प्लेट, कार्बोरेटर, मागचे पाटे, एका गणपतीत बसवलेली बॅटरी. इथवर ठीक. त्यापुढचं पान मात्र फक्त नायगावातच लिहिलं जाऊ शकतं. गाडी उभी आहे ती जागा किती स्क्वेअर फूट, समोरच्या टॉवरमधला आजचा दर काय, आणि त्या हिशेबाने गाडीने आजवर किती जागाभाडं बुडवलं. ते सगळं किमतीत. मी म्हटलं, “तात्या, हा बिल्डरचा हिशेब झाला.” ते म्हणाले, “मग गाडी काय हवेत उभी आहे?”

रास्त किंमत या विषयावर त्यांना वकिली मुद्दाही सापडला आहे, आणि दुर्दैवाने तो खरा आहे. १९६९मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमती ठरवून दिल्या. कारखानदार सुप्रीम कोर्टात गेले. चौकशी आयोग बसला, हिशेब तपासले गेले, १९७१मध्ये निकाल लागला. त्यात प्रीमियरही होती. तात्या हे सांगून चष्मा पुसतात. “नव्या फियाटचा भाव ठरवायला सुप्रीम कोर्टाला एवढा वेळ लागला. जुनीचा मी एका रविवारी कसा सांगू?” त्या काळी नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि हातात असलेली जुनी गाडी नवीपेक्षा महाग जाई. टंचाई संपली. तात्यांनी निष्कर्ष ठेवून घेतला: वापरल्याने भाव वाढतो.

स्वतः आकडा ते कधीच बोलत नाहीत. “तुम्हीच बोला,” म्हणतात आणि सुपारी कातरायला घेतात.

पहिल्यांदा भंगारवाला आला. त्याने गाडीकडे न बघता वजन विचारलं. नऊशे किलोच्या आसपास, असं तात्यांनी अभिमानाने सांगितलं आणि मग त्याने किलोचा दर सांगितल्यावर त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग मालिकेच्या सेटवरचा माणूस आला. नायगावात शूटिंगची कमी नाही. त्याला गाडी भाड्याने हवी होती, चालली नाही तरी चालेल, हिरोईन फक्त टेकून रडणार होती. “कुठल्या दाराला टेकणार?” तात्यांनी विचारलं. डाव्या दाराची बिजागरी ढिली आहे. बोलणी तिथेच थांबली. लग्नात वरातीला गाड्या देणारा आला, त्याला ती पांढरी रंगवायची होती. तो फाटकातूनच परत गेला.

आणि मग हडपसरचा मुलगा आला. असं गिऱ्हाईक तात्यांच्या शेडने पाहिलं नव्हतं. त्याने आधी कागद मागितले. आरसी बुक वडलांच्या नावावर, वडील जाऊन कैक वर्षं झालेली. मालक वारला की तीस दिवसांत कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. “तेव्हा घरात दुःख होतं,” तात्या म्हणाले. मुलगा काही बोलला नाही, त्याने नोंद केली.

मग त्याने खिशातून चुंबक काढला. पत्र्यावर जिथे लांबी भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही, एवढीच ती परीक्षा. “इथे लावा,” तात्या बॉनेटवर बोट ठेवून म्हणाले. चिकटला. “इथे.” छतावर चिकटला. मुलाने मात्र तो स्वतःहून मागच्या मडगार्डच्या खालच्या कडेला लावला. चुंबक घसरला आणि टणकन जमिनीवर पडला.

“चुंबक जुना झालाय तुमचा,” तात्या म्हणाले.

मुलगा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. थोड्या वेळाने खालून ठकठक ऐकू आली, मग एक मऊसा आवाज, आणि ड्रायव्हरच्या पायाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक वर आलं. तात्या त्या टोकाकडे बघत राहिले. आतापर्यंत ते ‘तुम्ही’ म्हणत होते. “आता हे भोक तू पाडलंस. याचे किती धरायचे?”

मुलाने हात पुसले आणि तात्यांच्याच वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला. चांगली धावणारी, नीट बांधलेली अशी ११०० डी तो चार लाखांना धरत होता. त्यातून पत्राकाम आणि रंग दीड लाख. इंजिन, ब्रेक, वायरिंग पाऊण लाख. क्रोम, काचांची रबरं, सीटा पन्नास हजार. मुंबईत पद्मिनी टॅक्सी पळत होत्या तोवर इंजिनाचं सामान कुर्ल्यात सहज मिळे. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, आता त्यासाठीही शोधाशोध, तो खर्च त्याने पोटात घातला. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी, वीस हजार. ती गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

“म्हणजे तीही उभीच राहणार,” तात्या म्हणाले. “मग इथे काय वाईट आहे?”

उरले एक लाख पाच हजार. मूळ रंग आणि मूळ इंजिन यांसाठी त्याने वीस हजार वर घातले. सव्वा लाख. मला विचाराल तर हिशेब चोख होता. त्याने घाबरवायला खर्च फुगवला नव्हता, की प्रेमात पडून भोक लपवलं नव्हतं. तात्यांनाही तो पटला असावा, कारण त्यांची सुपारी कातरायची थांबली. काकूंनी चहा आणला. मुलाने ग्लोव्ह बॉक्स उघडला, आत वडलांची पेट्रोलच्या पावत्यांची चवड दोरीने बांधून ठेवलेली होती. ती चाळता चाळता तो म्हणाला, “काका, यांच्यासह दीड लाख देतो.”

तात्यांनी कप खाली ठेवला.

“आत्ता सव्वा होता. चहा पिऊन दीड झाला. ज्याला स्वतःच्या हिशेबाचा भरवसा नाही, तो माझी गाडी काय सांभाळणार?”

काकू म्हणाल्या, “अहो, द्या ना एकदाची.” तात्यांनी शेवटचं अस्त्र काढलं: वारस. भाऊ आणि बहीण, दोघांच्या सह्या लागणार. त्यांना वाटलं, भावंडं पैशांवरून अडून बसतील आणि प्रश्न आपोआप मिटेल. मुलाने तिथल्या तिथे दोघांना फोन लावायला लावला. भाऊ म्हणाला, सही घे, पैसे नकोत, फक्त हॉर्न मला हवा, बाबा फाटकाशी वाजवायचे तो. बेबीआत्या नालासोपाऱ्याहून म्हणाल्या, मलाही काही नको, मागची सीट तेवढी काढून ठेवा, लग्नानंतर सासरी मी तिच्यावर बसून गेले.

मुलगा मागच्या सीटकडे आणि हॉर्नकडे बघून पुन्हा वही उघडायला लागला. तात्यांनी ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारावर नवा कागद लागला: “१९६७ फियाट, एकहाती, ओरिजिनल. विकणे आहे. मागची सीट व हॉर्न सोडून. चुंबक आणू नये.”