हडंब्याचं तोंड

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की शेलूबाजारच्या चहाटपरीवर एकच विचारणा असते: मशीन कधी भेटते? मशीन म्हणजे हडंबा. पुस्तकात त्याला मळणी यंत्र किंवा थ्रेशर म्हणतात, आमच्याकडे तसं कुणी म्हणत नाही. ट्रॅक्टरच्या शाफ्टवर फिरतो, तोंडात सोंगलेल्या मालाची सुडी घेतो, एकीकडे दाणा टाकतो, दुसरीकडे कुटार उडवतो. आणि दर हंगामात तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या शिवारात कुणाचा तरी हात घेतो.

आज त्या तोंडाबद्दलच लिहितो, कारण तीन बोटं आमच्याच वावरात गेली.

2023 ची गोष्ट, दसऱ्याच्या थोडं आधीची. दुपारपासून आभाळ आलेलं. मशीनवाला संध्याकाळी आला, कारण दिवसभर तो दुसऱ्याकडे होता, आणि आमच्यानंतर रात्रीच आणखी एक शेत त्याने कबूल केलं होतं. उजेड ट्रॅक्टरच्या दिव्याचा. सुडीच्या बुडाचा माल ओलसर होता. ओला माल गेला की हडंबा चोकतो, हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही माहीत असतं. तोंडाशी उभा असलेला गडी चाळिशीचा, आमच्याकडे वर्षानुवर्षे येणारा. मशीन अडकली तसा त्याने हाताने माल आत लोटला. मी ताडपत्रीपाशी कट्ट्याची, म्हणजे पोत्याची, शिवण धरून होतो. ओरडणं मला ऐकूच आलं नाही. मशीनचा आवाज मात्र क्षणभर जड झाला आणि पुन्हा मोकळा झाला.

उजव्या हाताची मधली तीन बोटं. अंगठा आणि करंगळी राहिली. त्याच्याच दुपट्ट्यात हात गुंडाळून आम्ही त्याला अकोल्याला नेलं. वाटेत तो एकदाच बोलला, “मशीन बंद नका करू म्हना, पानी येऊन रायलं.”

आम्ही दवाखान्याचा खर्च केला. वर वीस हजार दिले. घरात सगळ्यांना वाटलं, आपण आपलं कर्तव्य केलं. मलाही वाटलं.

गावाने निकाल दुसऱ्याच दिवशी दिला. “त्याचीच चुकी हाय. चालू मशीनीत हात कायले घातला?” हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलं की त्याची चीड येते. हात का घातला, याचं उत्तर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मळणीचा भाव कट्ट्यामागे असतो. क्लच दाबून मशीन थांबवायची, माल ओढून काढायचा, पुन्हा चालू करायची, यात वेळ जातो, आणि त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही. मशीनवाल्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचे हप्ते असतात. वावरवाल्याच्या डोक्यावर परतीचा पाऊस असतो. दोघांची घाई शेवटी तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातात येऊन थांबते. त्याला कुणी “हात घाल” असं सांगितलं नव्हतं. “हात घालू नको, मशीन थांबव, मी थांबतो” हेही कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

चूक कुणाची, हा प्रश्न कायद्याने शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या रीतीने सोडवला आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणत्या कामावरचे लोक येतात त्याची यादी आहे. तिच्यात ट्रॅक्टरवर किंवा वाफेच्या, विजेच्या, यंत्राच्या शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेतीचं काम करणारा माणूस स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे हडंब्यावरचा गडी. आणि त्या कायद्यात मजुराचा निष्काळजीपणा ही मालकाची सुटका नाही. मजूर दारूच्या किंवा दुसऱ्या नशेत असेल, सुरक्षेसाठी दिलेला हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षक कठडा स्वतः काढून टाकला असेल, तरच मालकाला बोलायला जागा आहे. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर तीही नाही. आमच्या गड्याने कुठलाच हुकूम मोडला नव्हता, कारण हुकूम दिलेलाच नव्हता. कठडा काढला नव्हता, कारण मशीनला तो कधी नव्हताच.

त्याच कायद्यात बोटांचा हिशेब आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण हिशेब असणं हाताला किंमत नसण्यापेक्षा कितीतरी बरं. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची 30 टक्के ताकद गेली असं धरतात. नुसता अंगठा गेला तरी 30 टक्के. मनगटापासून अख्खा पंजा गेला तर 60. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणांक 184.17. आता मांडा. रोज 300 रुपये, महिना 9,000. त्याचे 60 टक्के 5,400. गुणिले 184.17. त्याचे 30 टक्के. उत्तर येतं 2 लाख 98 हजार 355 रुपये.

आम्ही वीस हजार दिले होते.

हा आकडा मी दोन वर्षांनी, वहीच्या मागच्या पानावर, स्वतः मांडला. त्या रात्री मी तो झोपेच्या आधी तीनदा तपासला. दावा लावायची मुदत दोन वर्षांची, ती तोवर संपली होती. पुरेसं कारण दाखवलं तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. पण ज्या माणसाला असा कायदा आहे हेच कुणी सांगितलं नाही, तो कारण तरी कुठल्या तोंडाने सांगणार? ते सांगायची जबाबदारी माझी होती.

कुणी म्हणेल, माणसं मशीनवाल्याची, त्यात वावरवाल्याचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करवून घेणाऱ्याला ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटता येत नाही. मजूर त्याच्याकडेच भरपाई मागू शकतो, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. आमचा गडी तर आम्हीच बोलावलेला. मागच्या नोव्हेंबरात मशीनवाल्याकडे हा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “बापू, तुमचं वावर, तुमचा गडी.” मी म्हणालो, “मशीन तुमची.” आम्ही दोघं पाच मिनिटं एकमेकांकडे बोटं दाखवत उभे राहिलो. आमच्या हाताला बोटं होती.

1923 चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यातली एक खास कामाच्या जागची सुरक्षा, आरोग्य आणि परिस्थिती यांसाठीच आहे. पण कारखाना कशाला म्हणायचं, तिथेच आमचा मळा बाहेर राहतो. पूर्वी विजेवर चालणारा कारखाना म्हणायला दहा माणसं लागत, नव्या संहितेत वीस लागतात. हडंब्यावर सात-आठ असतात, फार तर दहा. निरीक्षक तिथे येत नाही. त्यामुळे वावराच्या मालकाने आपणच निरीक्षक व्हायचं, दुसरा कुणी येणार नाही.

थ्रेशरसाठी वेगळा कायदाही झालेला आहे. 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, आणि तो करताना डोळ्यांसमोर मुख्यतः मळणी यंत्रच होतं, कारण पंजाब-हरियाणाकडे गव्हाच्या मळणीत हात तुटण्याचे प्रकार भयंकर वाढले होते. चाळीस वर्षांहून जास्त झाली. इथे मी ज्या ज्या मशीनवाल्यांना विचारलं, त्यातल्या एकानेही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

मानक ब्यूरोचा थ्रेशरच्या सुरक्षेचा नियमही आहे, आणि तो समजायला वकील लागत नाही. माल जिथून टाकायचा ते पत्र्याचं पन्हाळ निदान 900 मिलिमीटर लांब असावं, आणि त्यातला ड्रमकडचा 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा. मी टेप घेऊन माझाच हात मोजला. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत 28 इंच. 900 मिलिमीटर म्हणजे 35 इंच. बाहेर उभं राहून हात घातला तरी तो ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. माणूस दमला, झोपेत असला, घाईत असला, तरी पत्रा त्याला वाचवतो. मग ज्या मशीनीने बोटं घेतली तिचं तोंड मोजलं. दीड फूट. वरून उघडं. ते लांब करणं आणि झाकणं हे वेल्डिंगच्या दुकानातलं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

“लांब तोंडाने माल हळू जातो,” असं मशीनवाले म्हणतात. जातो. ते खरं आहे, आणि म्हणून कट्ट्यामागचा भाव थोडा वाढवून द्यायची तयारी वावरवाल्याने ठेवली पाहिजे. सुरक्षितपणाला पैसे लागतात. ते मजुराच्या हातातून वळते करून घेण्यापेक्षा माझ्या सोयाबीनमधून गेलेले बरे.

इथूनच समृद्धी महामार्ग जातो. शेलूबाजारला त्याचा इंटरचेंज आहे. तिथे काम चालू होतं तेव्हा आमच्या भागातली कितीतरी पोरं त्यावर जात, डोक्यावर पिवळी टोपी, अंगात चमकणारं जॅकेट. संध्याकाळी तोच पोरगा घरी आला की टोपी खुंटीला आणि उघड्या डोक्याने, ढगळ सदऱ्यात, हडंब्यावर. एकाच माणसाच्या जिवाची दोन शिवारांत दोन मोलं. टोपीनेच सगळं होतं असंही नाही. 1 ऑगस्ट 2023 ला याच महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यात सरलांबे इथे, मध्यरात्री गर्डर बसवायचं अवजड यंत्र कोसळलं आणि 20 जण ठार झाले. टोपी त्या वजनापुढे काय करणार? यंत्र कुणी तपासलं, रात्री काम कुणी लावलं, हे प्रश्न टोपीच्या वरचे आहेत. आमच्या मळ्यातही तेच प्रश्न आहेत, लहान आकाराचे.

आणि फवारणीचंही तेच. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. दुसऱ्याच्या कपाशीत रोजाने फवारणारे मजूर त्यात कितीतरी होते. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत संरक्षक कपडे, श्वासाचं साधन, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, सगळं लिहिलेलं होतं. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण होता. सप्टेंबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत, रबरी झगा घालून माणूस तासभर टिकत नाही, हे मी स्वतः घालून पाहिलं आहे. म्हणून सकाळी लवकर फवारायचं, वारा पाहायचा, माणूस बदलायचा. रोज पूर्ण द्यायचा आणि काम अर्धा दिवस घ्यायचं. हे मालकाने ठरवायचं असतं. मजूर ते मागू शकत नाही, उद्या त्याला बोलावणार नाहीत म्हणून.

सरकारची मदत नाही का? आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. मृत्यूला दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे त्या रात्री ताडपत्रीपाशी बसलेला मी त्यात बसत होतो. तोंडाशी उभा असलेला तो बसत नव्हता. जमीन नसलेल्या माणसाचा हात हा शेतीतलाच हात आहे, हे त्या योजनेत लिहून घ्यायला हवं, आणि आमच्या आमदार-खासदारांनी ते मागायला हवं. मी तसं पत्र त्यांना पाठवलं आहे.

गेल्या आठवड्यात तो बाजारात भेटला. चहा पिताना अंगठा आणि करंगळी यांच्यात कप धरतो, डाव्या हातातली बशी खाली. सोंगणीला आता त्याला कुणी घेत नाही, विळा धरता येत नाही. तो दुसऱ्याच्या बकऱ्या राखतो. मी त्याला हिशेबाचं पान दाखवलं. वीस हजार वजा करून राहिलेले दोन लाख 78 हजार, तीन हंगामांत देतो म्हणालो. पहिला हप्ता दिला आहे. त्याने पान उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “हे 184 कायचं हाय?” मी सांगितलं, वयाचं. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “माझ्या पोराले यंदा मशीनवर बोलावलं हाय. थ्याले सांगा तुम्ही.”

पोराला सांगून काय होणार? सांगायचं मशीनवाल्याला होतं. त्याला त्याच संध्याकाळी फोन लावला. अंधार पडल्यावर मळणी नाही, चोकली की क्लच दाबायचा, तोंडाशी उभ्या माणसाच्या अंगावर दुपट्टा किंवा बाईमाणूस असेल तर पदर मोकळा नाही, कट्ट्यामागे भाव वाढवून देतो. सगळ्याला तो हो म्हणाला. शेवटी विचारलं, “मशीनीचं तोंड आता किती लांब आहे?”

मोजून सांगतो म्हणाला. आज चौथा दिवस, त्याचा फोन आलेला नाही. सुडी तशीच ताडपत्रीखाली आहे.