बिअरच्या मुळाशी

मे महिन्यात चंद्रपूरला पाहुणा आला की आमच्याकडे त्याला "कसे आलात?" असं विचारत नाहीत, "काहून आलात?" असं विचारतात. पारा ४७ वर गेला तरी कुणी चकित होत नाही. ४४ वर उतरला तर मात्र "आज बरं आहे जी" म्हणून लोक स्वेटर शोधायच्या बेतात असतात. अशा ऐन नवतपात मामींचा पंधरा वर्षांचा नातू न्यू जर्सीहून आला आणि आल्याआल्या त्याने बिअर मागितली.

कूलरच्या खडखडाटातही घरात शांतता पसरली. मामांची जपमाळ मेरुमण्याच्या अलीकडेच थांबली. "रूट बिअर," नातवाने खुलासा केला, "त्यात अल्कोहोल नसतं." हा खुलासा आमच्या गल्लीत आजवर बऱ्याच जणांनी केलेला असल्यामुळे कुणी मनावर घेतला नाही. हसल्या फक्त मामी. लेकीकडे गेल्या होत्या तेव्हा डब्यावरचं नाव न वाचता त्यांनी ते घोटभर घेतलं होतं, तेही चतुर्थीच्या उपासाला. "पहिल्या घोटाले आयोडेक्स लागते, दुसऱ्याले उपळसरी," त्या म्हणाल्या. "आमच्या सिरोंच्याले पायाखाली येते ते. चाल बाबू, तुले अस्सल पाजतो."

मामी एखाद्या गोष्टीच्या मुळावर उठल्या की थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि डिकीत पाण्याचे तीन कॅन अशा बंदोबस्तात आम्ही निघालो. मामा कूलरसमोरून हलले नाहीत. आमच्या घराण्यात शहाणे ते एकटेच.

बल्लारपूर मागे पडल्यावर नातवाने त्या पेयाची कुळकथा सांगितली. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात चार्ल्स हायर्स नावाच्या औषधविक्याने झाडामुळांचं ते पेय लोकांपुढे मांडलं. त्याला म्हणे नाव 'चहा' द्यायचं होतं. कुणीतरी समजावलं की बाबा, कोळसा खाणीतले कामगार चहाला हात लावायचे नाहीत, बिअर म्हण. हे मला लगेच पटलं. आमच्या घुग्गुस-दुर्गापूरच्या खाणीतून पाळी संपवून वर आलेल्या माणसाला "मुळांचा काढा घेता काय?" असं विचारून पाहा! पुढे १९६० मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यातल्या ससाफ्रास नावाच्या झाडाच्या तेलावर बंदी घातली, कारण त्यातलं सॅफ्रोल प्रकृतीला घातक ठरलं. तेव्हापासून तिथे बहुतेक कृत्रिम स्वादावरच भागवतात. म्हणजे बिअर मुळात नव्हतीच, आता मूळही गेलं. राहिला तो फेस.

गोंडपिपरीनंतर वैनगंगा ओलांडली की आष्टी लागते आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली. गडचिरोलीची १९९३ पासून कायम आहे. हे नातवाला सांगायचं राहून गेलं. चहाच्या टपरीवर उतरताच त्याने अमेरिकी मोकळेपणाने, पुलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, इथे बिअर मिळेल?"

बाकावरचे दोघे एकाएकी नदीकडे पाहू लागले. चहावाल्याने गाळणी आपटली. तिसरा एक जण मात्र आमच्या गाडीपर्यंत चालत आला आणि काच खाली करायची खूण करून हळूच म्हणाला, "बिअरचं कठीण आहे जी. मोहाचं पाह्यजे काय?"

"आमाले मुळाची पाह्यजे," मामी मागच्या सीटवरून कडाडल्या.

"मुळाची?" तो विचारात पडला. "ते आपल्या साइडले अजून आली नाही."

आलापल्लीच्या पुढे जंगल गर्द होतं आणि रस्ता विरळ. इथल्या सागाचा थाट काय वर्णावा! चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येच्या मंदिरापर्यंत गेला. त्याच सागाच्या पायाशी लोळणाऱ्या उपळसरीला मात्र कुणी विचारत नाही. तेंदूपत्त्याचे भारे घेऊन निघालेल्या बायांना मामींनी विचारलं, तर एकीने चालता चालता पायाच्या अंगठ्याने वेल दाखवला. सुतळीएवढा बारीक, अरुंद पानं, पानाच्या मध्ये पांढरट रेघ. नातवाने झाडं ओळखणारं अ‍ॅप उघडलं, नेटवर्क नव्हतं. मामींनी काडीने माती उकरून मूळ ओढलं, मोडलं आणि त्याच्या नाकाशी धरलं.

"व्हॅनिला!" तो ओरडला.

पोराचं नाक खोटं नव्हतं. उपळसरीला, म्हणजेच अनंतमुळाला, ज्या द्रव्यामुळे वास येतो ते व्हॅनिलाच्या वासद्रव्याचं भावंडच आहे. अणू तेच, तेवढेच. मांडणी तेवढी वेगळी. हे ज्ञान पाजळत मीही शेजारचा एक वेल जोरात ओढला. ती खाजकुयली होती. पुढच्या प्रवासाचं वर्णन मला करता येणार नाही, कारण एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने मी स्वतः, यापलीकडे मी काही पाहिलं नाही.

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणा, अलीकडेही निम्मं बोलणं तेलुगूच. मामींच्या वहिनींनी मुळं पाहताच "सुगंधिपाला!" म्हणून जावेला हाक मारली आणि माझ्या हातांना शेण लावायला सांगितलं. मुळं धुऊन ठेचली, आतली कडवट काडी काढून टाकली. निम्मी साल पाण्यात उकळून साखरेच्या पाकात गेली, निम्मी दुधात. शरबत तयार झालं, दूध आटलं. आता फक्त फ्रीजरमध्ये ठेवायचं, तेवढ्यात वावटळ उठली आणि चिंचेची फांदी तारेवर पडली. आमच्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्यातला एक वॉटही त्या रात्री वहिनींच्या फ्रीजपर्यंत पोचला नाही.

मग माळ्यावरून हॅंडलचा आइस्क्रीम पॉट उतरला. त्यातून आधी एक पाल उतरली. खडेमीठ घरात होतं. बर्फ फक्त मासळीवाल्याकडे. बर्फाचं पाणी होऊ लागलं की ते उष्णता ओढून घेतं, आणि मीठ त्याला शून्याखाली गेलं तरी पुन्हा गोठू देत नाही; नीट जमलं तर पारा उणे २१ पर्यंत उतरतो. चंद्रपूरकराला हा आकडा कुणी सांगितला तर तो आधी थर्मामीटर तपासेल. आम्ही आळीपाळीने हॅंडल फिरवलं. माझी पाळी जरा लांबली, कारण बर्फाला हात लागला की खाज थांबत होती.

दहाच्या सुमारास कंदिलाच्या उजेडात स्टीलचे ग्लास मांडले. तळाशी शरबत, वर लिंबू, फेसासाठी चौकातून आणलेला गोटी सोडा आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. "आमच्याकडे याला फ्लोट म्हणतात," नातू म्हणाला. तिसऱ्या ग्लासानंतर त्याने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाला, "यात खरंच मूळ आहे." आमचं मत विचाराल तर पदार्थ अव्वल, शेवटच्या घोटाला गोदावरीची मासळी किंचित आठवते, पण ती झाकणाची चूक.

परतताना आष्टीला तो माणूस त्याच बाकावर होता. "मुळाची भेटली काय जी?" त्याने विचारलं. मामींनी थर्मासमधून त्याला ग्लासभर दिली. त्याने सावकाश संपवली, पाचेक मिनिटं नदीकडे पाहत वाट बघितली आणि ग्लास परत केला.

"चांगली आहे जी," तो म्हणाला. "पण चढत नाही."