मिस्टर उद्या

छत्तिसाव्या वर्षी पॉप गायक म्हणून जगभर गाजायचं, म्हणजे जरा उशीरच. क्रोएशियाच्या इव्हो रोबिचला मात्र कसली घाई नसावी. १९२३ साली जन्मलेला हा गृहस्थ झाग्रेबला रीतसर संगीत शिकला, रेडिओवर गायला, सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवर हात बसवला आणि १९५९ साली पॉलिडॉर या जर्मन कंपनीसाठी ‘मॉर्गेन’ गाऊन मोकळा झाला. मॉर्गेन म्हणजे उद्या. आज नाही तर नाही, उद्या नशीब उघडेल, असा गाण्याचा एकूण सूर.

हे जर्मन गाणं थेट अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत चढलं. गायक तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला, भाषा जर्मन आणि महायुद्ध संपून जेमतेम १४ वर्षं झालेली! ऐकणाऱ्या बहुतेकांना शब्द कळले नसणार, पण आश्वासन देणारा आवाज ओळखायला कोश लागत नाही. रोबिचचा गळा मऊ, घाईगर्दी नसलेला. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटीसुद्धा या माणसानं गायली असती, तर गिऱ्हाईक दुकानातून समाधानानं परतलं असतं. पुढे लोक त्याला मिस्टर मॉर्गेनच म्हणू लागले.

मला स्वतःला त्याचं आदल्या वर्षीचं गाणं जास्त आवडतं. ओपातिया हे ॲड्रियाटिक समुद्राच्या काठचं जुनं, ऐटबाज गाव. एके काळी ऑस्ट्रियाचे उमराव तिथं हवापालटाला यायचे. तिथल्या १९५८च्या संगीत महोत्सवात या गाण्यापुरता रोबिच बाप झाला आणि झ्देन्का वुच्कोविच ही सोळा-एक वर्षांची गायिका त्याची चिमुरडी लेक. लेकीची मागणी एकच नव्हती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पहिली: बाबा, मला मोटार घे! देशात तेव्हा फियाटच्या धर्तीवरची छोटी झास्तावा गाडी नुकती बनू लागली होती. तीही सर्वसामान्य बापाच्या आवाक्याबाहेर. घरोघरच्या बापांनी हे गाणं लागताच रेडिओचा आवाज कमी केला असेल, अशी माझी आपली शंका.

‘मॉर्गेन’मागे बर्ट केम्फर्ट हा हॅम्बुर्गचा संगीतकार होता. याच केम्फर्टनं १९६१ साली बीटल्सना, त्यांना कुणी विचारत नव्हतं तेव्हा, ध्वनिमुद्रणाची संधी दिली. आणि १९६६ साली फ्रँक सिनात्राच्या आवाजात जगभर गेलेली ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’ची चालही त्याच्याच नावावर आहे. क्रोएशियात मात्र ती चाल मूळची आपल्या इव्होची, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. दावा सिद्ध झालेला नाही. सिनात्राला ते गाणं मनापासून नावडायचं, हे तर जगजाहीर. म्हणजे ज्या गाण्यावर क्रोएशिया हक्क सांगतो, ते गाणाऱ्यालाच नको होतं. ओपातियात कुणी कॉफी पाजत ही कहाणी सांगितली, तर मी नक्की मान डोलावेन. हॅम्बुर्गमध्ये कॉफी कोण पाजतो, त्यावर माझं तिथलं मत ठरेल.