खुल्या मनाचं पावतीपुस्तक

माकडाच्या हाती कोलीत देऊ नये, असं पूर्वज सांगून गेले. माकडाला लस टोचावी की नाही यावर ते काही बोलले नाहीत, आणि नेमका तिथेच अमेरिकेतल्या 'सेफमाइंड्स' या संस्थेचा घात झाला. लसीतल्या पाऱ्यामुळे मुलं स्वमग्न होतात, या श्रद्धेवर उभी राहिलेली ही पालकांची संस्था. विज्ञान आपलं ऐकत नाही, ही तिची जुनी तक्रार. मग पदरमोड करून विज्ञानच करवून घ्यावं, असं ठरलं. आणखी काही देणगीदारांनी हात लावला. रीसस जातीच्या माकडांची ७९ पिल्लं जमवली. काहींना १९९० च्या दशकातलं अमेरिकन लसीकरणाचं वेळापत्रक पाऱ्यासकट लागू केलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. ती खेळतात कशी, एकमेकांत मिसळतात कशी, हे टिपून ठेवलं. शेवटी मेंदू काढून त्यातल्या पेशी तपासल्या. २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निकाल छापून आला. लस घेतलेली आणि न घेतलेली माकडं सारखीच माकडं होती.

मिठाचं पाणी घेतलेली माकडंसुद्धा खाल्ल्या मिठाला जागली नाहीत.

यावर संस्था खचली असेल, असं वाटणाऱ्यांना संस्था म्हणजे काय ते कळलेलंच नाही. तिचं म्हणणं आलं, की या कळपात लस बाधलेली मोजकी माकडं असणारच; ती सरासरीत हरवली असतील, तेव्हा आकडे पुन्हा बघायला हवेत. याला म्हणतात खुलं मन. उत्तर हवं तसं येईपर्यंत जे बंद होत नाही, ते.

या खुल्या मनाची गंगोत्री लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला: आतड्याचा विकार, ऑटिझम आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस यांचा काही धागा असावा, असं सुचवणारा. निबंधात मुलं १२ आणि लेखक १३. दर लेखकामागे एक मूलसुद्धा आलं नाही. पण सुचवण्याला मुलं कितीशी लागतात? पुढे ब्रायन डीअर नावाच्या पत्रकाराने उकरायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की लसकंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांच्या कामासाठी वेकफिल्ड यांना सरकारी कायदेशीर मदतनिधीतून ४,३५,६४३ पौंड मिळाले होते, खर्च वेगळा. तुलनेसाठी निरोगी मुलांचं रक्त हवं होतं, ते त्यांनी स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पाहुण्या पोरांकडून काढून घेतलं, पोरामागे ५ पौंड देऊन. वाढदिवसाला पाहुण्यांकडून काही ना काही घ्यायची रीत आहे, हे मान्य. पण ते पाकिटात असतं, शिरेत नव्हे. २००४ मध्ये दहा सहलेखकांनी निष्कर्षातून अंग काढून घेतलं, २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध रद्द केला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा ब्रिटनमधला परवाना गेला.

परवाना गेला तरी माणूस बेकार होत नाही, ही अमेरिकेची थोरवी. वेकफिल्ड आधीच टेक्सासमधल्या ऑस्टिनला पोचले होते आणि 'थॉटफुल हाउस' या धर्मादाय ऑटिझम केंद्रात काम करत होते. २०१० मध्ये ते तिथूनही गेले आणि केंद्राने नाव बदलून 'जॉन्सन सेंटर' केलं. वाचकांनी आता पुन्हा माकडांकडे यावं. त्या २०१५ च्या अभ्यासातल्या एका संशोधिकेचा पत्ता याच जॉन्सन सेंटरचा आहे. म्हणजे वेकफिल्ड यांच्या जुन्या घरून निघालेलं माकडसुद्धा वेकफिल्ड यांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार झालं नाही.

आपल्याकडे भावकीतला जमिनीचा दावा जसा तिसऱ्या पिढीपर्यंत चालतो, तसं या प्रश्नाचं झालं आहे. जमिनीत काही पिकत नाही, पण दाव्यावर दोन्हीकडच्या वकिलांची घरं चालतात. तडजोड सुचवणारा मात्र घरभेदी ठरतो. आरोपी बदलला तरी चालतो. आधी एमएमआर दोषी. मग पारा, म्हणजे थायमेरोसल हे जंतूरोधक. एमएमआर ही जिवंत विषाणूंची लस, तिच्यात थायमेरोसल कधीच नव्हतं, हा तपशील चपला काढून बाहेर ठेवला गेला. २००१ पर्यंत अमेरिकेतल्या मुलांच्या नेहमीच्या लसींतून ते जवळपास काढलं गेलं आणि ऑटिझमचे आकडे चढतच राहिले, तेव्हा पारा जामिनावर सुटला आणि 'फार लसी, फार लवकर' अशी नवी फिर्याद दाखल झाली. २००८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोर्चा निघाला. जेनी मॅकार्थी ही अभिनेत्री पुढे, शेजारी जिम कॅरी, मागणी 'लसी हरित करा'. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून एमएमआरमुळे ऑटिझमचा धोका वाढत नाही, असं २०१९ मध्ये पुन्हा छापून आलं. ६,५७,४६१ विरुद्ध १२. पण डेन्मार्कचा संशोधक व्यासपीठावर रडत नाही, आणि त्याच्या शेजारी जिम कॅरी उभा नसतो.

आता 'ऑटिझम स्पीक्स'. वर उल्लेख आलेल्या संस्था गल्लीतल्या म्हणाव्यात एवढी ही मोठी. २००५ मध्ये एनबीसी या वाहिनीचे प्रमुख बॉब राइट आणि त्यांच्या पत्नी सुझॅन यांनी नातवाच्या निदानानंतर ती काढली; होम डेपोचे बर्नी मार्कस यांनी सुरुवातीलाच अडीच कोटी डॉलर दिले. या संस्थेने लसींमुळे ऑटिझम होतो, असं म्हटलं नाही. होत नाही, असंही म्हटलं नाही. ती 'प्रश्न खुला आहे' म्हणत राहिली आणि त्या प्रश्नावर संशोधनाचा पैसा चालू ठेवत राहिली. इतकी सावध वाक्यं आमच्याकडे फक्त लग्न जुळवणारी माणसं बोलतात. २००७ मध्ये संस्थापकांच्या मुलीनेच उघडपणे लसींना दोष दिला, तेव्हा आईवडिलांनी जाहीर नोटीस काढली: तिची मतं तिची, संस्थेची नव्हेत. संस्थेची मतं कोणती, ते नोटिशीनेही सांगितलं नाही.

जानेवारी २००९ मध्ये एक बाई उठली. ॲलिसन सिंगर, संस्थेच्या ज्येष्ठ पदाधिकारी, स्वतः स्वमग्न मुलीची आई. तिचा हिशेब किराणा यादीइतका सरळ होता: ज्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा मिळालं आहे त्यावर घातलेला डॉलर दुसऱ्या प्रश्नावर घालता येत नाही. राजीनामा देऊन तिने 'ऑटिझम सायन्स फाउंडेशन' काढलं. मोठ्या संस्थेचं मन त्यानंतरही काही वर्षं खुलं राहिलं. २०१५ च्या सुरुवातीला, डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवराने शंभरावर माणसं आजारी पडल्यावर, तिने स्पष्ट शब्दांत जाहीर केलं की लसींमुळे ऑटिझम होत नाही. दहा वर्षं. आमच्या नगरपालिकेने तेवढ्या काळात एक गटार तरी पूर्ण केलं असतं. (नसतं. पण तिच्याकडे अडीच कोटी डॉलरही नव्हते.)

त्या दहा वर्षांत संस्था गप्प होती असं नाही. २००९ मध्ये तिने अल्फोन्सो कुआरोन या नामवंत दिग्दर्शकाकडून एक लघुपट करून घेतला. त्यात ऑटिझम स्वतः खलनायकाच्या आवाजात बोलतो: तुमचा संसार मोडीन, तुम्हाला कफल्लक करीन. मुलाला उचलून न्यायला आलेला कोणी दरोडेखोरच. अशा दरोडेखोराला वाट करून देणारा घरभेदीही असणारच, तो शोधा, हा विचार पालकाच्या डोक्यात आला तर चूक कोणाची? स्वमग्न माणसांनी आरडाओरडा केल्यावर फीत मागे घेतली गेली. नावात 'बोलणं' असलेल्या या संस्थेच्या संचालक मंडळावर पहिली स्वमग्न माणसं आली तीही २०१५ च्या डिसेंबरात.

इथे थोडं थांबून त्या पालकांच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर विनोद स्वस्तात पडेल. डॉक्टरांवरचा त्यांचा अविश्वास आकाशातून पडलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रूनो बेटलहाइमसारखे मोठे लोक सांगत होते की ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो. 'फ्रिजसारखी आई' हा शिक्का मारून मानसतज्ज्ञ बिल लावत. याविरुद्ध उभा राहिला तो सॅन डिएगोतला बर्नार्ड रिमलंड, नौदलाचा मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचा बाप. १९६४ मध्ये त्याने पुस्तक लिहून हे खूळ मोडीत काढलं आणि पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. हजारो बायांच्या डोक्यावरचं ओझं या माणसाने उतरवलं. तज्ज्ञ चुकले होते, बाप बरोबर होता. आणि बहुधा तिथूनच बाप नेहमी बरोबर असतो, हे त्याच्या मनाने घेतलं. हाच रिमलंड पुढे लसी आणि पाऱ्याच्या मागे लागला, आणि १९९५ मध्ये त्याच्या दुसऱ्या एका संस्थेतून 'डिफीट ऑटिझम नाउ' हा उपक्रम निघाला. जीवनसत्त्वं, आहार, आणि शरीरातला धातू काढण्याचे उपचार सांगणाऱ्या डॉक्टरांचा त्याभोवती बाजार भरला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात असा धातू काढताना पाच वर्षांचं पोर गेलं. २०१२ मध्ये शिकागोजवळच्या 'ऑटिझमवन' परिषदेत औद्योगिक ब्लीचच्या जातीच्या द्रवाचा एनिमा मुलांना देण्याची शिफारस व्यासपीठावरून झाली. तिथे मात्र कोणी म्हटलं नाही, की आधी ७९ माकडांवर करून पाहू.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं, ती मुलं? १९९८ च्या त्या निबंधातली मुलं आता तिशीत आहेत. अमेरिकेत एकविशी-बाविशीला शाळेचा हक्क संपतो आणि तिथून पुढे रहायचं कुठे, काम काय करायचं, आईवडिलांनंतर कोण बघणार, हे प्रश्न सुरू होतात. हे प्रश्न खुले आहेत, पण त्यांच्यावर मोर्चा निघत नाही. सायंकाळच्या निधिसंकलनाच्या जेवणात पडद्यावर निळ्या डोळ्यांचं चार वर्षांचं मूल दाखवतात. टक्कल पडू लागलेला, रोज त्याच वेळेला त्याच बसने जाणारा माणूस दाखवून चेक निघत नाहीत.

खासगी क्षेत्रात एवढी प्रगती झाल्यावर सरकारने मागे का रहावं? पाऱ्याच्याच नावाने सुरू झालेल्या आणि पुढे 'चिल्ड्रन्स हेल्थ डिफेन्स' झालेल्या संस्थेचे म्होरके रॉबर्ट केनेडी कनिष्ठ फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले आणि धंद्याचं राष्ट्रीयीकरण पार पडलं. त्यांच्या नेमणुकीला मत देताना लुइझियानाचे सेनेटर बिल कॅसिडी, जे स्वतः यकृताचे डॉक्टर आहेत, यांनी शब्द घेतला होता: लसींमुळे ऑटिझम होत नाही, हे सरकारी रोगनियंत्रण केंद्राचं विधान हलवायचं नाही. शब्द पाळला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने आपल्या संकेतस्थळावर त्या शीर्षकाखालचा सगळा मजकूर बदलला. हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही, कारण लहान मुलांच्या लसींचा संबंध असण्याची शक्यता अभ्यासांनी पुरती खोडलेली नाही, असं लिहिलं. ऑटिझम सायन्स फाउंडेशनने कडक निषेध केला. शीर्षक मात्र जागच्या जागी आहे: लसींमुळे ऑटिझम होत नाही. शेवटी फक्त एक फुली आली आहे, आणि फुलीची तळटीप सांगते की सिनेटच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षांशी, म्हणजे कॅसिडी यांच्याशीच, झालेल्या करारामुळे हे शीर्षक काढलेलं नाही. करार किती मुदतीचा आहे, ते तळटिपेत दिलेलं नाही.