रिकाम्या बसची थोरवी

भर दुपारी, पहिली पाळी सुटायला अजून तास-दीड तास असताना, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून सिटीलिंकची, म्हणजे महापालिकेची, बस जाते. आत चालक, वाहक आणि दोन-तीन माणसं. टपरीवर चहा पिणारे शहाणे म्हणतात, ‘चालली महापालिका हवा भरून!’

या मूर्खपणाची स्तुती करायला मी बसलो आहे. मूर्खपणा हा शब्द शहाण्यांचा. स्तुती माझी, आणि ती अगदी मनापासूनची.

जुलै २०२१मध्ये नाशिक महापालिकेनं शहर बससेवा स्वतःच्या डोक्यावर घेतली. शहर बस म्हणजे तोटा, हे एसटीच्या अनुभवावरून सगळ्यांना ठाऊक होतं. तरी घेतली. ठेकेदाराला पैसे किलोमीटरप्रमाणे द्यायचे, मग आत चाळीस माणसं असोत की चार. व्यापारी माणूस असा करार बघून हात जोडेल.

आता धुराचा हिशेब मांडू. तो सोपा जावा म्हणून डिझेलची बस धरतो. गर्दीच्या रस्त्यावर ती लिटरला चार किलोमीटर जाते असं समजा. म्हणजे दहा किलोमीटरला अडीच लिटर. तीच चाळीस माणसं आपापल्या मोटरसायकलवर गेली, तर पंचेचाळीसच्या अ‍ॅव्हरेजनं जवळजवळ नऊ लिटर पेट्रोल जळतं. बसमध्ये तेरा-चौदा माणसं बसली की धुराच्या बाबतीत बरोबरी होते. पुढचा प्रत्येक प्रवासी म्हणजे बचत. दुपारच्या तीन माणसांच्या फेरीत मात्र बस हरते. तेवढ्या तासापुरते टपरीवरचे शहाणे बरोबर आहेत.

पण दुपारची फेरी बंद केली की काय होतं? अर्धी रजा टाकून आईला सिव्हिलमध्ये न्यायला निघालेला कामगार थांब्यावर ताटकळतो. दोनदा ताटकळला की तिसऱ्या महिन्यात हप्त्यावर गाडी घेतो. आणि एकदा दारात गाडी उभी राहिली, की तो संध्याकाळच्या भरलेल्या बसलाही परत येत नाही. संध्याकाळची बस भरते ती दुपारच्या रिकाम्या बसच्या पुण्याईवर. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल रिकामा फिरवणाराच शहाणा ठरतो.

अंबडपासून जवळच, पाथर्डी-विल्होळीच्या खतप्रकल्पाच्या आवारात याच महापालिकेचा आणखी एक वेडेपणा आहे. हॉटेलांतलं उष्टं-खरकटं आणि संडासाच्या टाक्यांमधला मैला एकत्र कुजवायचा, त्यातून निघणारा वायू अडवायचा आणि त्यावर वीज करायची. जर्मन सरकारच्या जीआयझी या संस्थेच्या मदतीनं उभारलेला हा प्रकल्प, क्षमता रोजची तीस टन. वीज ती किती, असं नाक मुरडणं सोपं आहे. पण उघड्यावर ढिगात कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता कोंडतो. खरी कमाई त्या न सुटलेल्या वायूची आहे, आणि कोणत्याच जमाखर्चाच्या वहीत तिला रकाना नाही.

सरकारी संस्थांनी हवामानाची उद्दिष्टं जाहीर करावीत ती याचसाठी, की न दिसणाऱ्या कमाईसाठी दिसणारा पैसा घालण्याची मुभा फक्त त्यांनाच आहे. रेल्वेनं २०३०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं. देशानं २०२१मध्ये ग्लासगोला २०७० साल सांगितलं. आज त्या कागदांवर सह्या करणारे बहुतेक जण २०७० पाहणार नाहीत, म्हणून लोक हसतात. मला त्यात मोठेपणा दिसतो. पाच वर्षांच्या निवडणुकीत आणि तीन वर्षांच्या बदलीत अडकलेल्या व्यवस्थेनं पन्नास वर्षांपुढचा शब्द देणं ही साधी गोष्ट नाही.

मात्र वेड घ्यायचं तर पुरतं घ्यावं. बसमधला सीएनजी डिझेलपेक्षा स्वच्छ असला, तरी तोही जळतो आणि कार्बन सोडतो. उद्या विजेच्या बस आल्या, तरी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे. २१० मेगावॅटचे तीन संच, १९८०च्या आगेमागे सुरू झालेले, आजही कोळशावर चालणारे. वीज कोळशाची असेल, तर अंबडच्या रस्त्यावरचा धूर चिमणीतून निघेल. विजेची मोटर इंधन कमी वाया घालवते, म्हणून तो बदल हवाच; पण शून्य म्हणायचं तर चिमणीही मोजायला हवी. एसटीनं १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर सोडली, आणि १ जून २०२२ला विजेवरची पहिली ‘शिवाई’ त्याच रस्त्यावर धावली. त्या दोन गाड्यांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षं गेली. पुढच्या बदलाला तेवढी सवड नाही.

म्हणून महापालिकेकडे माझं एक मागणं आहे. बसचा तोटा दरवर्षी छापून येतो, तसा त्याच पानावर वाचलेला धूर टनांत छापावा. विल्होळीला किती कचरा आत गेला आणि किती वायू हाती लागला, तेही लिहावं. यंत्र बंद राहिलेले दिवससुद्धा लिहावेत. आणि दुपारची ती फेरी, तीन माणसांची, कोणी कितीही हसलं तरी बंद करू नये.