खड्डा गेला न्यू जर्सीला

परदेशात जाऊन आपल्या देशाबद्दल वाईट बोलावं का, हा प्रश्न दिल्लीत सुटेल तेव्हा सुटो. डोंबिवलीत तो केव्हाच सुटला आहे. त्यांचा नेता बोलला तर देशाची बदनामी, आपला बोलला तर परखडपणा. कुठला नेता नेमकं काय बोलला, हे ऐकायच्या भानगडीत दोन्ही बाजूंचं कुणी पडत नाही. एवढ्यावर भागलं असतं तर आजचं सदर मी कोथिंबिरीच्या भावावर लिहिलं असतं. पण हा नियम नेत्यांवरून घसरत घसरत आता आमच्या वहिनींपर्यंत आला आहे.

वहिनी मानपाडा रोडच्या एका आतल्या गल्लीत राहतात. बिल्डिंगच्या फाटकासमोर खड्डा. चांगला ऐसपैस. त्यात कुणीतरी झाडाची फांदी रोवलेली, फांदीला लाल पिशवी बांधलेली, म्हणजे आपल्याकडची सावधगिरीची सगळी व्यवस्था चोख. वहिनींनी फोटो काढला आणि न्यू जर्सीतल्या लेकीला पाठवला. लेकीनं मैत्रिणींना दाखवला, एकीनं तो ठाण्यातल्या मामांना धाडला, मामांनी आमच्या वॉर्डातल्या एका भावी दादांना. पडल्या जागेवरून न हलता खड्डा जग फिरून परत गल्लीत आला. दुसऱ्या दिवशी दादा दारात.

‘‘वहिनी, खड्डा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो बाहेर कशाला पाठवायचा? घरातलं घरात राहू द्या ना.’’

दादांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती. ते त्याच खड्ड्यातून आले होते.

मला दादांचा मुद्दा पटला. फक्त हद्द कुठे, तेवढं कळायला हवं. खड्ड्याबद्दल डोंबिवलीत बोललं तर ती तक्रार. कल्याणला जाऊन बोललं तर गावाचं नाव घालवणं, ठाण्यात बोललं तर विरोधकांच्या हाती कोलीत देणं. पुढे मुंबई, मग सहार विमानतळ. तिथे पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत माणूस त्रासलेला नागरिक असतो. शिक्का बसला की तोच माणूस, तेच वाक्य, आणि परकीय शक्तींचा हस्तक. समजा वाक्य शिक्क्याच्या अलीकडे सुरू झालं आणि पलीकडे संपलं, तर? क्रियापद मराठीत शेवटी येतं, त्यामुळे आपली माणसं जास्त अडकणार. व्हिडिओ कॉलचं काय? तोंड डोंबिवलीत आहे, कान न्यू जर्सीत. बदनामी तोंडाच्या गावी धरायची की कानाच्या? बरं, परदेशी पाहुणा स्वतःच इथे आला आणि खड्ड्यात पडला, तर आपण नामानिराळे, कारण आपण त्याला काही सांगितलेलं नाही. पण सुट्टीत आलेल्या अमेरिकन पासपोर्टच्या नातवानं विचारलं, ‘‘आजी, रस्त्याला काय झालंय?’’ तर देशभक्त आजीनं काय सांगावं? ‘‘काम चालू आहे, बाळा.’’ हे उत्तर सर्व पक्षांना मान्य आहे. सत्तेत कुणीही असो.

वहिनी जरा हबकल्या होत्या म्हणून मी कायदा उघडला. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धचा कायदा १९७१ चा आहे. त्यात ध्वज आहे, संविधान आहे, राष्ट्रगीत आहे. खड्डा नाही. संविधानाच्या कलम १९ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालायची आठ कारणं दिली आहेत. देशाची अखंडता आहे, सुरक्षा आहे, इतर देशांशी असलेली मैत्रीसुद्धा आहे. ‘लेकीला फोटो पाठवणे’ आठांत कुठेच नाही. राजद्रोहाचं कलम इंग्रजांनी १८७० साली दंडविधानात घातलं. १ जुलै २०२४ पासून दंडविधान गेलं, न्याय संहिता आली आणि तिच्यात कलम १५२ आलं. सरकारच्या कामाबद्दल कायदेशीर मार्गानं नापसंती दाखवली तर तो गुन्हा नव्हे, असा खुलासा जुन्यातही होता, नव्यातही आहे. म्हणजे गोऱ्या साहेबालाही जे मान्य करावं लागलं, ते आमच्या दादांना जड जातं.

आणि खरं सांगायचं तर आपल्या बदनामीला परदेशी जायला कुणाची गरज लागलेली नाही. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला. अशा फोटोंना व्हिसा लागत नाही. कल्याणचा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. त्या दोन वर्षांत बोंब मारणारे आणि ‘धीर धरा’ म्हणणारे यांनी आपसांत जागा बदलल्या, वाक्यं तीच ठेवली. फ्लेक्सवाल्याला नवा मजकूरही करावा लागला नसेल, नुसते चेहरे इकडून तिकडे. आणि कौतुकाला हा नियम नाही बरं. तिकडच्या एखाद्या पेपरात आपल्याबद्दल दोन गोड ओळी आल्या की त्या झेंड्यासकट पहाटे पाचला व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. तेव्हा गोऱ्यांचं मत प्रमाण!

आता थट्टा पुरे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा चारशे पाहुण्यांना चौदा डबे होते. आज डोंबिवलीला थांबणाऱ्या बहुतेक लोकल बारा डब्यांच्या, आणि सकाळी आत शिरता आलं नाही की माणूस दारात लटकतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. जीव गेले. कामावर निघालेल्या माणसांचे. ही बातमी बाहेर गेली तर बदनामी कुणाची होते हो? लटकणाऱ्याची? त्याच्या बायकोनं दुबईतल्या भावाला फोन करून रडावं की नाही, हेही आता दादांना विचारायचं का? कोण कुठे बोललं यावर टीव्हीवर रोज रात्री तासभर कोंबड्या झुंजतात. जे बोललं गेलं ते खरं की खोटं, यावर पाच मिनिटं नाहीत. खोटं असेल तर खोडून काढा की. खरं असेल तर न्यू जर्सीत कळलं काय आणि नांदिवलीत कळलं काय, लाज एकच.

‘परदेशात नको, इथे बोला,’ असं दोन्ही बाजू म्हणतात. उत्तम. पण इथे बोललं की एक बाजू म्हणते, ही वेळ नव्हे. दुसरी विचारते, तेव्हा तुम्ही कुठे होता? सोसायटीच्या ग्रुपवर राजकारण नको, कट्ट्यावर वाद नको, गणपतीच्या मांडवात तर नकोच, आणि लोकलमध्ये तोंड उघडायला जागा नाही.

तेव्हा सर्व पक्षांच्या आजी, माजी आणि भावी मंडळींना नम्र विनंती की, आपल्याच देशात, आपल्याच गावात, आपल्याच नेत्याला वाकडा प्रश्न कुठे विचारायचा ती जागा एकदा ठरवून कळवावी. कल्याण, डोंबिवली, ठाणे, कुठेही चालेल. शक्यतो रविवार ठेवा. मेगाब्लॉक असतो, माणसं घरीच असतात.